अल्सेशियन की कारवानी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणाला दर वर्षी विषय असतो तो आहाराचा, नाहीतर मुलांच्या अभ्यासाचा. यंदा चिटणीसबाईंनी मला कुत्र्यांवर बोलायला सांगितले. जाहीर झाल्यावर मागच्या रांगेत खसखस पिकली ती मी ऐकली आहे. हसा खुशाल. पण आपल्या स्वारगेटच्या आसपास गेल्या दोन-तीन वर्षांत किती घरांत मोठे कुत्रे आले, ते मनातल्या मनात मोजा; आणि त्यांतल्या किती घरांत त्याचे खाणे, फिरणे, औषध हे बाईच्या अंगावर पडले, तेही मोजा. मग हा विषय आपल्या मंडळाचा आहे की नाही ते ठरवा.

मला यातले कळते असे लोक समजतात, त्याला कारण एवढेच की माझ्या माहेरी कारवानी कुत्री होती आणि सासरी अल्सेशियन. माहेर जत तालुक्यातले, म्हणजे सांगली जिल्ह्याचे पार टोक; पलीकडे कर्नाटक सुरू होतो. सासर घोरपडे पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. दोन्हीकडची उस्तवार मी केली आहे. तेव्हा गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा एका संध्याकाळी येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा. मला अल्सेशियन हवा आहे, बायकोचे मामा लातूरकडून कारवानीचे पिल्लू देतो म्हणतात. घरात रोज वाद चालला आहे." तेव्हा मी लगेच उत्तर दिले नाही. दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत जे आठवले तेच आज तुमच्यापुढे मांडते.

प्रथम कारवानी. आपल्याकडे या कुत्र्याला कोणी कारवानी म्हणतात, कोणी कारवान. सरहद्दीपलीकडे त्यालाच मुधोळ म्हणतात. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, कारवानांबरोबर, ही जात वायव्येकडून दख्खनेत आली आणि त्यावरून हे नाव पडले, असे जाणकार सांगतात. लांब केसांची असते तिला पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे लोकर. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला, तिची पैदास नीट राखली, म्हणून त्या गावाचे नाव तिला चिकटले. आपल्याकडे लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातले जनवळ गाव या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत एक मुधोळचे होते. पुढे २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले लष्कराच्या मेरठच्या केंद्रात शिक्षणासाठी गेली. आमच्या अण्णांना ती बातमी वाचून दाखवली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "उशीर केला."

दिसायला कसा? पाहुण्यांना तो पहिल्यांदा उपाशीच वाटतो. बरगड्या दिसतात, पोट पाठीला लागलेले, पाय काठीसारखे लांब. खांद्यापाशी उंची सव्वादोन फुटांच्या आसपास, पण वजन पंचवीस किलोच्या आतबाहेर. माझ्या लग्नानंतर सासरची मंडळी प्रथम जतला आली, तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारले होते, "अगं, तुमच्याकडे कुत्र्याला जेवायला देत नाहीत का?" देत होतो हो! ज्वारीची भाकरी, ताक, कधी अंडे. पण त्याचे अंगच तसे. तो वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारा कुत्रा. क्षितिजाला काही हलले की त्याचे कान उभे राहतात आणि पुढच्या क्षणी तो तिथे नसतो. आमचा हरण्या पळायला लागला की चारी पाय जमिनीवरून सुटलेले दिसत. पूर्वी रानात सशामागे सोडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले, आणि बरे झाले. पण कायदा माणसाला कळतो, कुत्र्याला नाही. त्याच्या रक्तातली धाव तशीच राहिली आहे.

घरात मात्र हा कुत्रा एखाद्या सोवळ्या म्हाताऱ्यासारखा वागतो. उगाच भुंकत नाही, अंगचटीला येत नाही. परक्याने डोक्यावरून हात फिरवायला जावे तर मान मागे घेतो. घरच्या दोन-तीन माणसांशी त्याचे जमते, आणि ते जन्मभराचे. लहान मुलांनी ओढाताण केलेली त्याला खपत नाही. चावत नाही, उठून निघून जातो. केस आखूड, त्यामुळे झाडलोट कमी. उन्हाळा सोसतो, थंडी सोसत नाही. डिसेंबरात अण्णा त्याला पोते शिवून अंगावर बांधीत.

आता शहरात तो कसा राहतो ते सांगते. काही वर्षांपूर्वी हरण्याच्या पायाला जखम होऊन ती चिघळली, म्हणून दादा त्याला घेऊन आठ दिवस आमच्याकडे उतरला होता. सहा दिवस कुत्र्याने अगदी संतासारखे काढले. सातव्या दिवशी सकाळी मी त्याला खाली नेले, आणि लक्ष्मीनारायण टॉकीजकडच्या बाजूला एका मांजराने रस्ता ओलांडला. बस्स! या जातीचे डोके मानेपेक्षा अरुंद असते. साधा पट्टा मागे खेचला की डोक्यावरून सुटतो. पट्टा माझ्या हातात आणि हरण्या सातारा रस्त्याच्या मध्यावर. दुखऱ्या पायाने! सकाळची वेळ, एस. टी. च्या गाड्या स्थानकातून निघत होत्या. एका चालकाने गाडी अशी दाबून थांबवली की आतली माणसे ओरडली. मला आज त्या माणसाचा चेहराही आठवत नाही, पण त्याला मी रोज दुवा देते. हरण्या तीन तासांनी मार्केट यार्डाजवळ सापडला, एका हमालाजवळ शांत बसलेला. दादा मला एक शब्द बोलला नाही. तेच जास्त लागले. या कुत्र्यांसाठी रुंद, ओढला की बेताने आवळणारा पट्टा मिळतो, हे मला नंतर कळले. तुम्ही आधी कळून घ्या.

आता अल्सेशियन. हे नाव इंग्रजांनी पाडलेले. जात मूळची जर्मनीची, मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने एक कुत्रा विकत घेतला, त्याची पहिली नोंद केली आणि तिथून ही जात बांधली. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात जर्मन म्हटले की लोक भडकत, म्हणून त्यांनी नाव बदलून अल्सेशियन केले. १९७७ मध्ये तिथल्या संस्थेने जुने नाव परत मान्य केले. आपण अजून अल्सेशियनच म्हणतो. पूर्ण वाढलेला नर तीस ते चाळीस किलो, मादी त्याहून हलकी. मादी सांभाळायला सोपी, हे माझे मत. नर पाळणारे रागावतील.

हा कुत्रा कारवानीच्या अगदी उलट. त्याला सतत काम हवे आणि माणूस हवा. तुम्ही स्वयंपाकघरात तर तो उंबऱ्यावर, तुम्ही गच्चीवर कपडे घालायला तर तो जिन्यात. आमचा टायगर माझे वर्तमानपत्र, चपला, एकदा तर भाजीची पिशवी दाराशी आणून ठेवीत असे. शिकवले ते चार दिवसांत शिकतो. नाही शिकवले तर स्वतःच काहीतरी शिकतो, आणि ते आपल्या सोयीचे नसते. कोणी म्हणेल, पोलिसांकडे कुत्री किती शहाणी असतात! असतात, पण त्यांच्यामागे रोज तास-तास घालवणारा माणूस असतो. मुंबईत १९९३ च्या स्फोटांच्या वेळी ज्याने मोठे काम केले तो झंजीर आपल्या पुण्यातच शिवाजीनगरच्या केंद्रात शिकला होता. तो लॅब्रेडॉर होता, अल्सेशियन नव्हे, पण मुद्दा तोच.

टायगर तीन वर्षांचा असताना त्याने गॅसच्या टाकीवाल्याला चावले. हे मी लपवत नाही. दार उघडे राहिले ही चूक आमची. तो बिचारा खांद्यावर टाकी घेऊन दोन जिने चढून आला, टाकी आदळली, मोठ्याने हाक मारली, आणि टायगरने त्याची पोटरी धरली. सासूबाईंनी त्या वेळी जे केले ते मी विसरणार नाही. हळद नाही, चुना नाही, तेल नाही. त्याला नळाखाली बसवून साबण लावून घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटे जखम धुतली. मग यांनी त्याला रुग्णालयात नेले. कुत्र्याला लस टोचलेली होती, तरी त्या माणसाने ठरलेल्या दिवशी सगळी इंजेक्शने घेतली. त्याची बुडालेली रोजंदारी आम्ही दिली. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवली. बाई गं, कोणत्याही कुत्र्याने चावले, घरचे असो की रस्त्यावरचे, हे असेच करायचे. अलर्क, म्हणजे रेबीज, एकदा अंगात उमटला की त्यावर इलाज जवळजवळ नाहीच. पूर्वी पाश्चरच्या लशीचे नाव ऐकून लोक पोटातल्या चौदा इंजेक्शनांना भीत. आता ती दंडात आणि थोडकी असतात. भिण्याचे कारण नाही.

आणि आता जे मला सांगायचे आहे ते सांगते. अल्सेशियनच्या जातीत कमरेच्या सांध्याचा एक दोष पिढीजात येतो. खुबा नीट बसत नाही, वयाबरोबर झिजतो. टायगरचे पिल्लू आम्ही घेतले तेव्हा आई-बापांच्या खुब्यांचे फोटो काढले आहेत का, हे विचारायचे असते हेच ठाऊक नव्हते. ज्याच्याकडून घेतले त्याने पिल्लू पाच आठवड्यांचे असताना आईपासून तोडून दिले. २०१७ च्या नियमांप्रमाणे आता आठ आठवड्यांआतले पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी लागते. नवव्या वर्षी टायगरचे मागचे पाय थरथरू लागले. दहाव्या वर्षी त्याला जिना चढवेना. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. मुले तोवर कॉलेजात, हे कामावर, सासऱ्यांना दम्याचा त्रास. मग एक जुना टॉवेल त्याच्या पोटाखालून घालायचा, दोन्ही टोके मी उचलून धरायची, आणि एक-एक पायरी. खाली, वर, पुन्हा खाली. दिवसातून तीनदा, दीड वर्षे. तो जिन्याच्या वळणावर थांबून माझ्याकडे बघत असे, जणू माझीच काळजी करीत असावा. माझी कंबर तेव्हापासून जी धरली ती धरलीच. ज्यांनी "आई, कुत्रा घेऊ या ना" म्हणून अन्न सोडले होते, त्यांनी त्या दीड वर्षात टॉवेल किती वेळा धरला हे मी इथे सांगत नाही. मुले चांगली आहेत माझी. पण त्यांचे जग तोवर दुसरीकडे गेले होते आणि कुत्रा माझ्याकडे उरला होता.

म्हणून मी शेजारच्या मुलाला तिसऱ्या दिवशी बोलावले आणि जातीविषयी काही न बोलता चार गोष्टी विचारल्या. सकाळी सहाला साखळी कोणाच्या हातात असेल? तो म्हणाला, "माझ्या." मी म्हटले, तू आठवड्यातून तीन दिवस रात्रपाळीला जातोस. तो गप्प. सुनेची नोकरी हिंजवडीला, घरी यायला आठ. म्हणजे उरल्या काकू, वय वर्षे अडुसष्ट, आणि नऊ वर्षांची नात. अंगण आहे, तळमजला आहे, हे चांगले. पण अंगणाची भिंत किती उंच? साडेतीन फूट. कारवानी ती भिंत धावत न येता उडी मारून ओलांडील, आणि पलीकडे रस्ता, मांजरे, दुचाक्या. जतला दादाच्या रानात तो देव आहे. इथे त्याला जन्मभर दोरीला बांधून ठेवावे लागेल. आणि कुत्र्याला सदासर्वदा साखळीने जखडून ठेवणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हे बहुतेकांना माहीत नसते. मामांना मी स्वतः फोन करून सांगितले की पिल्लू देऊ नका. त्यांना जरा राग आला.

मग अल्सेशियनचे पिल्लू? तेही नको म्हटले. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते, दात येताना ते खुर्चीचे पाय खाते, आणि वर्षाच्या आत त्याचे अंग एवढे वाढते की काकूंना ते एका हिसक्यात पाडील. त्या मुलाचा चेहरा उतरला. "मग नकोच म्हणता का मावशी?" मी म्हटले, मोठी झालेली कुत्री बघा. पाच-सहा वर्षांची, शिकलेली, स्वभाव कळलेला. लोक परगावी, परदेशी जातात, कुत्री मागे राहतात. पशुवैद्यांकडे चौकशी केली की कळते.

दिवाळीनंतर तशी एक मिळाली. साडेपाच वर्षांची अल्सेशियन मादी, सव्वीस किलो. खुब्याचा फोटो आधी काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. महापालिकेचा परवाना काढला, लस टोचली. पहिला आठवडा ती जेवली नाही, दाराकडे तोंड करून पडून राहिली. काकूंनी मला रात्री फोन केला, "अगं, ही रडते की काय गं?" मी गेले. काहीच केले नाही, दोघी तिच्याजवळ फरशीवर बसलो आणि गवार मोडली. नवव्या दिवशी तिने काकूंच्या हातची भाकरी खाल्ली.

खाण्याचे विचारता म्हणून थोडे. आपल्या स्वयंपाकघरातले सगळे कुत्र्याला चालते हा समज सोडा. कांदा-लसूण, बेदाणे-मनुका, द्राक्षे, चॉकलेट ही त्यांना विषासारखी आहेत. शिऱ्यातला बेदाणा तुम्ही प्रेमाने देता, तो त्याच्या मूत्रपिंडावर जातो. शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून आतड्यात टोचतात. मोठ्या छातीच्या कुत्र्याला एकदाच पोटभर घालू नये, दोनदा विभागून द्यावे, आणि जेवणानंतर तासभर पळू देऊ नये. पोटाला पीळ पडून काही तासांत जीव जातो. हे दोन्ही जातींना लागू. पावसाळ्यात गोचीड रोज बघायची, कानात, बोटांच्या बेचक्यात. तिच्यापासून ताप येतो तो वाईट. एप्रिल-मेमध्ये डांबरावर आपला पालथा हात ठेवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याला चालवू नका. अल्सेशियनचे केस उन्हाळ्यात भादरू नयेत. ते दुहेरी असतात, आतले त्याला उन्हापासूनही राखतात. झाडतो मात्र भयंकर. आमच्या घरात पोळीत केस निघाला की सासरे म्हणत, "टायगरने वाढले वाटतं." कारवानी सडपातळ असल्याने काही भुलीची औषधे त्याला जड जाऊ शकतात, शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जात सांगा.

गणपतीत ढोल आणि दिवाळीत फटाके हा मोठा प्रश्न. टायगर न्हाणीघरात बादलीमागे बसे. तेव्हा आतल्या खोलीत पंखा, रेडिओ लावून त्याच्याजवळ कोणीतरी बसावे. विसर्जनाची मिरवणूक मी अकरा वर्षे पाहिली नाही, त्याचे मला आता वाईट वाटत नाही.

कोणी विचारतील, एवढे करून कुत्रा कशाला? संगम माहुलीला गेलात तर शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. छत्रपतीलाही तो मोह सुटला नाही, मग आपण कोण? ज्यांना शेत आहे, मोकळे रान आहे, त्यांनी कारवानीच घ्यावा असे मी म्हणेन, आणि देशी जात राखल्याचा मला आनंदच होईल. पेठेतल्या घरात, आणि तेही रोज दोन तास एक माणूस रिकामा असेल तर, अल्सेशियन. माणूस रिकामा नसेल तर काकूंसारखी मोठी मादी. तेवढेही होणार नसेल तर गल्लीतल्या कुत्रीला लस टोचून घ्या, तिची नसबंदी करून आणा आणि दाराशी पाणी ठेवा.

काकू आज सभेला आलेल्या आहेत, तिसऱ्या रांगेत. त्यांची कुत्री घरी नातीपाशी आहे. काकू सकाळी सहाला तिला नेहरू स्टेडियमच्या कडेने फिरवतात. गुडघे दुखतात म्हणून ज्या दोन वर्षे घराबाहेर पडत नव्हत्या, त्या. रात्रपाळी नसेल त्या दिवशी मुलगा नेतो. तसे कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवले आहे, खाली तिघांच्या सह्या आहेत. सह्या मी घ्यायला लावल्या.

चिटणीसबाईंनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली आहे. दुसरी एक चिठ्ठी श्रोत्यांतून आली आहे, मांजरांविषयी सांगा म्हणून. मांजर आमच्याकडे कधी टिकले नाही, टायगर होता. ते दुसऱ्या कोणालातरी विचारा.